सासूबाईंचा गुडघा, माझा खांदा

यंत्रांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी तक्रार विभागाचा प्रमुख आहे. मधल्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना फोनवर धीर देत मी लिफ्टा चालू करून दिल्या आहेत. त्यामुळे सासूबाईंचा गुडघा हे माझ्या मते किरकोळ काम होतं.

तो गुडघा दुखायला लागून बरीच वर्षं झाली होती. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून गोळ्या बंद. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या, भिंत धरत, पण जायच्याच. मग मी शनिवारची सुट्टी त्या गुडघ्याला वाहिली. चुंबकाचा पट्टा आणला. गरम मेणाचा शेक दिला. एका जाहिरातीला भुलून थरथरणारी गादीसुद्धा आणली. तिच्यावर बसून त्या बोलल्या की खडबडीत रस्त्यावर सायकल चालवत बोलल्यासारखं ऐकू यायचं.

त्यांचा स्वतःचा विश्वास होता तो शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना असलेल्या सुईवाल्या डॉक्टरांवर. माणूस स्वतःच सुईसारखा बारीक आणि बोलायला अगदी मऊ. प्रत्येक शरीरात एक खरा बिंदू असतो, तो सापडला की दुखणं पळतं, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंच्या पायात तो बिंदू ते सुया टोचून कधीपासून शोधत होते. मी बायकोला म्हटलं, की हा माणूस अंधारात चष्मा शोधतोय. ती म्हणाली, निदान ते गादी तरी हलवत नाहीत.

तेव्हा मी शेवटचा उपाय काढला. मज्जातंतूंना हलका वीजप्रवाह देणारं यंत्र. दुखऱ्या जागी पट्ट्या चिकटवायच्या, रिमोटचं बटण दाबायचं, की मुंग्या आल्यासारखं होतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. सासूबाईंना मी सोपं करून सांगितलं, की दुखणं फोन करतं, पण लाइन कायम बिझी.

त्यांनी विचार करून विचारलं, "आणि गुडघ्याला खरंच काही महत्त्वाचं सांगायचं असलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.

फोन मानेत धरून माझाही उजवा खांदा धरला होता, म्हणून मी दोन यंत्रं आणली. दोन्ही एकाच कंपनीची, बिनवायरची, पांढरी. रात्री शेजारी शेजारी चार्जिंगला लावली. सकाळी सासूबाईंनी गुडघ्याच्या वर पट्ट्या लावल्या, मी खांद्याला लावल्या आणि एक रिमोट त्यांच्या हातात दिला. तो माझ्या खांद्याचा होता. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो आणि मोठ्या साहेबांची ऑनलाइन मीटिंग होती. शनिवारची सुट्टी जाणार अशी कुणकुण लागली होती. आदल्या दिवशी सगळ्या विभागाने मिळून ठरवलं, की साहेबांनी विचारलं तर कुणी हात वर करायचा नाही, कुणी मानही हलवायची नाही. विरोध मी बोलून दाखवायचा. जो हात वर करेल त्याच्याशी मी जन्मात बोलणार नाही, असंही मी सगळ्यांना बजावलं होतं.

मीटिंग सुरू झाली. खांद्याला काहीच जाणवेना. मी टेबलाखाली रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. आणखी वाढवलं. तरी काही नाही.

शेजारच्या खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर बायकोने सांगितलं. सुईवाले डॉक्टर आले होते. माझा मान राखायचा म्हणून सासूबाईंनी पट्ट्या काढल्या नव्हत्या, आणि त्यांचा मान राखायचा म्हणून पाऊल पुढे केलं होतं. डॉक्टरांनी उकिडवं बसून पावलात एक सुई टोचली. त्याच क्षणी मी बटण दाबलं. पाय असा उडाला की डॉक्टर मागच्या मागे जमिनीवर बसले. मी पुन्हा बटण दाबलं, पाय पुन्हा उडाला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लागलं म्हणून नव्हे. "सापडला," ते म्हणाले, "बिंदू सापडला."

बिंदूचं राहू द्या, सासूबाईंना पाय आवरायचा होता. चष्मा डोळ्यांवर नव्हता. प्रवाह कमी करायला म्हणून त्यांनी वाढवायचं बटण दाबलं.

इकडे माझा खांदा उसळला आणि तोंडातून बकरीसारखा आवाज निघाला. साहेब थांबले. काही म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आपलं चालू द्या. यंत्र उशिरा चालू झालं असं समजून मी प्रवाह एकदम खाली आणला. तिकडे सासूबाईंचा पाय शांत झाला.

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला. "दर शनिवारी कामावर यायला स्वतःहून कोण तयार आहे?"

स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांत दगडी पुतळे बसले होते. आणि माझा हात वर गेला. अर्धवट नाही, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा सरळ. तो खाली ओढायला मी डावा हात वर नेला. साहेबांना दिसले दोन हात.

ते भारावून गेले. विभागप्रमुखच दोन्ही हातांनी तयार असेल तर आणखी चर्चा कशाला, असं त्यांनी जाहीर केलं.

मी म्हटलं, "साहेब, हे माझं मत नाही, हा माझा खांदा आहे."

"वा," साहेब म्हणाले, "खांद्यावर जबाबदारी घेणारी माणसंच मला हवी आहेत."

टायपिस्ट बाईंचा चौकोन काळा झाला. मग हिशेबनीसाचा. मग एकेक करून सगळ्यांचे.

पट्ट्या ओरबाडून मी शेजारच्या खोलीत धावलो. रिमोट बदलले होते, सुईचा काही संबंध नाही, हे मी परोपरीने सांगितलं. डॉक्टर प्रेमळ हसले. विज्ञानाच्या माणसांना हे पचत नाही, म्हणाले. सासूबाई त्यांना दारापर्यंत सोडून आल्या. भिंत न धरता. बायको आणि मी बघतच राहिलो.

दुपारी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून शनिवारची सुट्टी कशी हातची गेली ते सांगितलं आणि म्हटलं, की यात तुमचा काही दोष नाही, तुम्हाला काय माहीत.

"माहीत होतं की," त्या म्हणाल्या. "पहिलं बटण चुकून दाबलं. तुमचा तो आवाज ऐकला तेव्हाच कळलं, हा रिमोट तुमचा आहे."

"मग दुसऱ्यांदा का दाबलंत?"

"दार उघडंच होतं. साहेब शनिवारचं विचारत होते." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "तुम्ही मनापासून करता हो, जावईबापू. पण आठवड्यात एक दिवस तरी माझ्या गुडघ्याला सुट्टी नको का?"

आता दर शनिवारी मी ऑफिसात बसतो. माझ्याशी कुणी बोलत नाही. सुईवाल्या डॉक्टरांकडे जिन्यापर्यंत रांग लागते म्हणे. आणि त्या दिवसापासून माझा खांदा दुखायचा पार थांबला आहे. तेवढं मात्र मी घरात कुणाला कळू दिलेलं नाही.