फ्रीजमधला प्रबंध

दामले सॉसेजवर डॉक्टरेट करत होते आणि स्वतः अंड्यालाही शिवत नव्हते. दिवसभर डुकराच्या मांसात हात घालायचे, घरी येऊन खसाखसा आंघोळ करायचे आणि ताकभात खायचे. सॉसेज चवीला कसं झालंय, हे खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचे.

बोरिवलीला आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या खोलीत ते एकटे राहायचे. मांस टिकावं म्हणून त्यात मीठ आणि सोरा नावाचा क्षार घालतात. तो कुठवर कमी केला तरी जंतू वाढत नाहीत, हे शोधणं हा त्यांचा विषय. मांस गोराईहून होडीतून यायचं आणि जंतू कॉलेजात काचेच्या बशीत उगवायचे. त्या बशीला ते प्लेट म्हणत. जगातल्या यच्चयावत प्रश्नांना त्यांचं एकच उत्तर होतं, "प्लेट बोलेल." माझ्या बायकोने त्यांना एक स्थळ आणलं होतं. मुलगी आवडली का विचारलं, तर तेच उत्तर. मुलीच्या वडिलांनी वाट पाहिली नाही.

एकदा ते सॉसेजची पुडी घेऊन आमच्या दारात आले. "लॅबचा फ्रीज कोणी उघडत नाही हो. लोकांच्या घरी सारखी उघडझाप चालते. मला तसा फ्रीज हवाय."

त्या बाबतीत आमचं घर आदर्श होतं. संपात गिरणी गेल्यापासून बाबा घरीच असायचे आणि करमेनासं झालं की फ्रीज उघडून आत बघत उभे राहायचे. दामले खूश झाले. "काका, अजिबात संकोच करू नका, उघडा!" मग ते अधूनमधून पुडी बदलायला आणि रोज संध्याकाळी तिच्याशेजारी ठेवलेला थर्मामीटर बघायला येऊ लागले. चहा व्हायचा, बाबांचे गिरणीतले किस्से व्हायचे. असं वर्ष उलटून गेलं, तरी थर्मामीटर बघणं काही संपेना.

आणि एका दुपारी बाबांनी पुडी सोडली. सॉसेज कांद्यावर परतलं आणि पावाबरोबर खाल्लं.

संध्याकाळी दामल्यांनी फ्रीज उघडला आणि ते खालीच बसले. "काका, ते सगळ्यात कमी सोऱ्याचं होतं!"

"तरीच," बाबा म्हणाले. "चव बरी होती, पण मीठ वायच कमी पडला."

दामल्यांचा चेहरा पांढराफटक. सोरा कमी पडला तर जंतू मांसात विष करतात आणि त्या विषाने म्हणे एकाचे दोन दिसायला लागतात, गिळता येत नाही. त्यांनी बाबांसमोर दोन बोटं धरली. "किती?"

"चार," बाबा म्हणाले.

दामले रिक्षा आणायला धावत सुटले. बाबा थट्टा करत होते, हे सांगायला मला नाक्यापर्यंत पळावं लागलं.

उरलेला तुकडा त्यांनी लॅबमध्ये तपासायला लावला आणि प्लेट बोलेपर्यंत आमच्याकडे ठाण मांडलं. बाबांना गिळायला सांगायचे, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावायचे. बाबा एवढी बडदास्त बघून खूश होते. मी मात्र धास्तावलो होतो.

शेवटी दामले लॅबमधून पळतच आले. "काही उगवलं नाही! एकसुद्धा नाही!" एवढं बोलून त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि हमसून रडायलाच लागले.

माझाही जीव भांड्यात पडला. म्हटलं, "चला, बाबाही वाचले आणि तुमचा प्रबंधही वाचला."

"प्रबंध कसला?" ते डोळे पुसत म्हणाले. "तुमच्या फ्रीजचं प्रकरण मागच्या दिवाळीतच लिहून झालं. मी उगाच पुड्या आणत राहिलो. खाली खोलीत गेलं की बोलायला कोणी नसतं हो. काकांना काही झालं असतं तर, केवळ मला इथे यायचं होतं म्हणून..."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

बाबा मात्र खवळले. "मेल्या, हंय येवक सॉसेज कित्याक व्हया? असोच ये!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दामले आले. हातात काही नव्हतं, म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "सहज आलो," म्हणाले, आणि लाजले.