डहाके काकाजी सूचना बंद करतात

आमच्या शेजारचे डहाके काकाजी कंप्युटर सुरू करण्याआधी त्याला दम देतात. बटणावर बोट ठेवायचं, चष्म्यावरून पडद्याकडे पाहायचं आणि म्हणायचं, "चूपचाप चालू होजो. इचारलं तरच सांगजो." मग बटण दाबायचं. पहिल्यांदा भिंतीपलीकडून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्याकडे कुणा पाहुण्याचं आगाऊ पोर आलं असेल. गेले तर खोलीत काकाजी एकटेच, आणि समोर नवाकोरा कंप्युटर.

मी सौसरला कंप्युटरची शिकवणी चालवते. सल्ला देणं हा माझा धंदा, आणि नवऱ्याच्या मते आजार. त्यामुळे न विचारता एक शब्द न सांगणारा हा माणूस माझ्याच भिंतीला भिंत लावून राहावा, हा देवाचा विनोदच म्हणायचा. वयाने मी त्यांच्या लेकीसारखी, पण ते मला 'मॅडम' म्हणतात. "कंप्युटर शिकोते त्याले मॅडम म्हणाचं. कायदा हाय," असं त्यांचं म्हणणं.

काकाजींची सगळी नोकरी कचेरीत गेली. निवृत्त झाले ते बडे बाबू म्हणून. लोकांचे अर्ज फुकटात टाइप करून द्यावेत म्हणून त्यांनी कंप्युटर घेतला. पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट सरकत वर आली. तुम्ही हे करून पाहिलंत का, ते करून पाहा, अमुक केल्यास काम लवकर होईल. काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. वरून काही आलं की उभं राहायचं, ही जन्माची सवय. मग लक्षात आलं की साहेब-बिहेब कुणी नाही, तेव्हा बसले आणि एक लांबट वही काढली.

ती वही मी स्वतः पाहिली आहे. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदाची आवक नोंदवहीत नोंद होते, तशी काकाजी कंप्युटरच्या प्रत्येक सूचनेची नोंद करत होते. क्रमांक, तारीख, वेळ, विषय. 'विषय: पडद्यावरील चित्र बदलण्याबाबत.' 'विषय: हवामान पाहण्याबाबत.' आणि शेवटच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, शेरा: 'मागणी केलेली नाही. नस्तीबद्ध.' महिनाभरात चार पानं भरली होती.

"काकाजी, हे बंद करता येतं," मी म्हटलं.

"मंग आतापर्यंत सांगतलं कावून नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांच्या नजरेत माझी किंमत त्या दिवशी एकदम वाढली असावी.

बंद करणं मात्र सोपं नव्हतं. सूचनांची बटणं एका जागी नसतातच. सेटिंग उघडा, नोटिफिकेशनमध्ये जा, अगदी खाली या, तिथे तीन. मग सुरुवातीच्या यादीतल्या शिफारशी वेगळ्या. कंप्युटर उघडण्याआधी जे चित्र दिसतं, त्यावरची ज्ञानाची वाक्यं आणखी वेगळी. काकाजी प्रत्येक बटण स्वतः बंद करत होते आणि मागे वळून मला विचारत होते, "अजून कोठी लपला हाय?" शेवटचं बटण बंद झालं. पाच मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो. काहीच आलं नाही. काकाजींनी आत जाऊन चार संत्री आणून माझ्या ओटीत घातली.

तेव्हापासून त्यांना छंदच लागला. लोधीखेड्याच्या बियाणांच्या दुकानात गेले, तिथला कंप्युटर शांत करून आले. पांढुर्ण्याला नात्यात बारसं होतं. आत बाया पाळणा म्हणत होत्या आणि हे ओसरीत यजमानांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले. परवानगी घेतल्याशिवाय मात्र हात लावत नाहीत. "तुमची मर्जी असन तर हे बोलनं बंद करून देतो जी," असं आधी विचारतात. नाही म्हटलं तर नमस्कार करून उठतात.

एकदा कंप्युटर अपडेट होऊन आपोआप नवा झाला आणि बंद केलेल्या निम्म्या सूचना परत सुरू झाल्या. काकाजी माझ्या भर वर्गात आले. वीस पोरी टाइप करायच्या थांबल्या. दारातच उभं राहून ते म्हणाले, "मॅडम, आपला स्थगनादेश तोडला त्यानं." आवाज असा, की एका पोरीने घाबरून मला विचारलं, "मॅडम, कोर्टाची केस आहे का?"

हे कंप्युटरपुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण काकाजी स्वतःही तसेच. एकदा सौसरच्या स्टँडवर एक पाहुणे पांढुर्ण्याच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी येऊन बसले. पिशवीवर छिंदवाड्याच्या लग्नघराचं नाव मोठ्या अक्षरात. बस सुटली. काकाजी गप्प. पांढुर्णा आलं तेव्हा पाहुणे दचकून म्हणाले, "हे छिंदवाडा नाही?" काकाजी म्हणाले, "नाही जी. पांढुर्णा होय." पाहुणे रडकुंडीला आले. मग काकाजी आपलं काम टाकून त्यांच्याबरोबर परतीच्या बसने सौसरपर्यंत आले, त्यांना छिंदवाड्याच्या बसमध्ये खिडकीजवळ बसवलं आणि बस हलेपर्यंत खाली उभे राहिले. मला हे कळल्यावर मी चिडले. म्हटलं, "आधीच तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं?"

"मॅडम, न इचारता सांगतलेलं मानसाले टोचते," ते म्हणाले. "खरं असलं तर जास्त टोचते."

हे वाक्य ते पेपर वाचता वाचता बोलले, पण पेपर उलटा होता.

त्यामागची गोष्ट मला मनीषाने सांगितली. मनीषा त्यांची सून, त्यांच्याजवळच राहते. काकाजींचा मुलगा रायपूरला कारखान्यात आहे, काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. बोरगावजवळ काकाजींची संत्र्याची बाग आहे. नोकरी सांभाळून, रविवारी रविवारी खड्डे खणून त्यांनी ती लावलेली. तीन वर्षांपूर्वी मनीषाने बाग हातात घेतली. हुशार बाई. ठिबक बसवलं, फवारणीचं वेळापत्रक केलं, रोज सकाळी आठला काकाजींच्याच कंप्युटरवर बागेची नोंद करते. आणि पहिल्या वर्षी काकाजी तिच्या मागे मागे. ही फांदी काप, ती नको कापू. इथून जा, तिथून नको. एके दिवशी मजुरांसमोर ती म्हणाली, "बाबूजी, मी विचारीन तवा सांगा न."

"बस, एवढंच म्हटलं ताई मी," मनीषा मला सांगत होती. "त्या दिवसापासून बागेबद्दल एक शब्द नाही. भाजीबद्दल बोलतात, बिजलीबद्दल बोलतात. आता मी कोणत्या तोंडानं विचारू? मले वाटते, अजून रागात हायेत."

आणि काकाजींना वाटत होतं, तिला त्यांची गरज नाही. दोघंही एकाच चुलीवरची भाकरी मोडत होते आणि दोन वर्षं वाट पाहत होते. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटे.

गेल्या जानेवारीत काकाजी माझ्याकडे आले ते नेहमीचे नव्हते. चहा पुढे ठेवला तर बशीत ओतून तसाच ठेवला.

"मॅडम, त्या सूचना बंद करता येते."

"हो."

"आपल्या मनानं एखादी चालू कराची असन तर?"

मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

संत्र्याच्या झाडांचं पाणी थंडीत काही दिवस तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानलं, की मग पाणी सोडल्यावर फुलावर येतं. पण ताण किती, हे जमिनीवर ठरतं. काळ्या जमिनीत जास्त दिवस चालतो. मुरमाड जमीन लवकर सुकते. तिथे उशीर झाला तर फूल राहतं बाजूला, फांद्याच वाळतात. मनीषाने सगळ्या बागेला एकच हिशेब धरला होता. काकाजी आदल्या दिवशी बागेत फेरी मारून आले होते. उताराकडच्या साठ झाडांची पानं गुंडाळली होती. तिथे खाली मुरूम आहे, हे वरून दिसत नाही. ज्याने खड्डे खणले त्यालाच माहीत.

"मग जाऊन सांगा ना तिला!" मी ओरडलेच.

"तिनं इचारलं नाही."

"झाडं मरतील काकाजी!"

"म्हनून तं आलो न तुमच्याकडे," ते म्हणाले. "कंप्युटरनं सांगतलं तं तिले टोचनार नाही. तो साऱ्यायलेच सांगते."

ठरलेल्या वेळी आपल्या मजकुराची चौकट पडद्यावर येईल, अशी सोय करता येते. मी म्हटलं, मजकूर सांगा. काकाजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. 'सविनय निवेदन करण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये...' असं दीड पान. मी म्हटलं, चौकटीत दोन ओळी मावतात. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला दोन ओळींत बोलायला लावणं हा छळच होता. तासाभराने उरलं ते एवढं: 'उताराकडच्या ओळींना आजच पाणी सोडा. खाली मुरूम आहे.'

"कंप्युटरला मुरूम कसा माहीत?" मी विचारलं.

"हुशार असते ते," काकाजी म्हणाले.

मग त्यांच्या कंप्युटरवर ती चौकट लावत असताना मला थांबवून म्हणाले, "खाली 'नाही' चं बटनबी ठेवा. तिले बंद कराचं असन तं बंद करता आलं पायजे."

दुसऱ्या दिवशी आठला दहा मिनिटं असताना काकाजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून पाहत होते. आठ वाजून गेले. मग मनीषा मागच्या दाराने आत आली. ओल्या हातांनी, पदर खोचलेला.

"ताई, आमच्या कंप्युटरले आमच्या बागेतला मुरूम कसा माहीत?"

मी पोळी उलटत राहिले. ती करपलेली होती.

मनीषा माझ्याशी बोलत होतीच कुठे. ती काकाजींसमोर जाऊन खाली बसली. "माह्या नोंदीत नाही तो मुरूम. मले कोणी सांगतलं नाही. कुठून कुठवर हाय, बाबूजी?"

काकाजींनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कुणाला विचारलं असावं असं त्यांना खरंच वाटलं. मागे फक्त माझा फ्रीज होता.

"तुमाले विचारून राहिली," मनीषा म्हणाली.

आम्ही तिघं बागेत गेलो. मी कशाला गेले विचारू नका, घरी बसवलं नसतं. उताराजवळ आल्यावर काकाजी उकिडवे बसले, एका झाडाखालची माती बोटाने उकरली आणि मूठभर हातात घेतली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता दोन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडणार. पण त्यांनी तोंड मिटलं आणि ती माती मनीषाच्या हातावर ठेवली.

"आधी तू सांग. तुले काय वाटते?"

मनीषाने माती चोळली. कोरडी, खडे लागणारी. तिने वर पानांकडे पाहिलं, ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"इथं चार दिवस आधी सोडाले पाहिजे होतं पाणी. चुकलं माहं."

"चारच दिवस," काकाजी म्हणाले. "जगते झाडं. पाहा, शेंडे हिरवे हायेत." मग जमिनीकडे पाहत ते म्हणाले, "मले परवाच दिसलं होतं. चूप बसलो. अर्धी चूक माही हाय, बाई."

 मनीषाने मातीचा हात पदराला पुसला आणि ठिबकचा कॉक सोडायला दोघं बरोबरच गेले. पाणी नळ्यांतून सरकत खालच्या ओळींपर्यंत यायला वेळ लागतो. तोवर ते दोघं शेवटच्या झाडापाशी उभे होते. ती विचारत होती, आणि काकाजी एकेका झाडावर हात ठेवून सांगत होते.