हातोडीवाल्या आक्का

आमच्या आक्कांच्या पर्समध्ये कंगवा नसतो, हातोडी असते. "मिस्त्री ऐकत न्हाईत. भिंती ऐकतात," असं त्या म्हणतात.

सांगलीत आमच्या भागात आर्किटेक्ट म्हणून बाईच्या नावाची पहिली पाटी लागली ती आक्कांची. मी बावीस वर्षं त्यांच्याकडे नकाशे काढतोय आणि बावीस वर्षं बोलणी खातोय. सुरुवातीला लोक दारात येऊन विचारायचे म्हणे, "साहेब कवा येणार?" आक्का सांगायच्या, "साहेब मेले. काम बोला." एक बिचारा दुसऱ्या दिवशी हार घेऊन आला. त्याला त्यांनी हारासकट हाकलला.

कुपवाडच्या एका कारखानदाराने शेडच्या नकाशातला बायकांचा संडास खोडून तिथे गाड्यांचं पार्किंग दाखवलं. "बायका काय, घरी जाऊन येतील," तो म्हणाला. आक्कांनी त्याचा चहा बाजूला सारला. "तुमी जाता का घरी?" असं विचारलं आणि नकाशा टराटरा फाडून त्याच्या पुढ्यात टाकला. संडास झाला.

गेल्या वर्षी विट्यात एका गलाईवाल्यांचा बंगला चालू होता. सोनं गाळायचं त्यांचं दुकान लांब दक्षिणेत. ते अधूनमधून यायचे. स्वयंपाकघराला आक्कांनी रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी ठेवली होती. आम्ही गेलो तर तिथे विटा!

"कुणी बुजवली?"

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "मालक म्हनले, रस्त्यावनं बायका दिसत्यात."

"फोड."

"मालकास्नी इचारतो की."

आक्कांनी पदर खोचला, हातोडी काढली आणि एकाहत्तराव्या वर्षी स्वतःच घाव घालायला लागल्या. आवाज ऐकून मालक धावत आले.

"आवं आक्का, घर माझं हाय!"

"असंल तुझं. तू तिथं किती तास उभा राहणार? हिला विचारलंस?"

मालकांची बायको दारात उभी होती. एवढ्या बैठका झाल्या, पण चहा हवा का यापलीकडे ती कधी बोलली नव्हती. ती पुढे आली, खाली पडलेली वीट उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला खिडकी पायजे." मग दुसरी वीट उचलली.

परतताना आक्कांना उजव्या हाताने पर्सही उचलेना. म्हणून त्यांना घरात सोडायला गेलो. एरवी त्या मला फाटकातूनच वाटेला लावतात. चहा टाकावा म्हणून स्वयंपाकघरात शिरलो आणि चक्रावलो. ओटा माझ्या मांडीइतकाच. आक्का माझ्यापेक्षा उंच!

"आक्का, हा कुणाच्या मापाचा?"

"आईच्या. शेवटी शेवटी ती खुर्चीत बसून भाकरी करायची."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी म्हणालो, "आता उंच करून घेऊ. तुमच्या कंबरेचं..."

"गप बस! हात लावशील तर बघ!"

त्या आत आल्या, मला बाजूला ढकललं, कमरेत वाकल्या आणि गॅस पेटवला. चहाला उकळी येईपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या होत्या.

"लग्न केलं न्हाई, पुरुषांत हिंडते म्हणून जन्मभर बोल लावला तिनं मला," त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "माझी एवढी कामं झाली, एक बघायला आली न्हाई. ह्या ओट्यालाच तेवढं चांगलं म्हणाली."