खात्रीचा नमुना

गरोदरपणाची नवी चाचणी-पट्टी खरी की खोटी हे ठरवायचं, तर ज्याला दिवस जाण्याची सुतराम शक्यता नाही अशा माणसाचाही नमुना लागतो. तिथे पट्टीने 'नाही'च म्हणायला हवं. हा खात्रीचा नमुना द्यायची वेळ आली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्या पुरुषांना एकाएकी महत्त्वाची कामं निघाली. शेवटी ते लोढणं विभागप्रमुख म्हणून डॉक्टरांच्याच गळ्यात पडलं. उशिराच्या बाळंतपणातले धोके हा त्यांचा अभ्यासाचा विषय. प्रत्यक्ष बाळंतीण मात्र त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

नमुना सकाळचा पहिलाच हवा, म्हणून पट्ट्यांची डबी घरी आली. डॉक्टरांनी बाथरूममध्ये पट्टी भिजवली, खिडकीत शाम्पूच्या बाटलीमागे ठेवली आणि ते चहा प्यायला गेले. परत येऊन बघतात तर पट्टीवर दोन गुलाबी रेघा, म्हणजे चक्क 'हो'.

आधी त्यांना हसू आलं. पण या विषयातलं त्यांना जरा जास्तच माहीत होतं. पुरुषाच्या अंगात गरोदरपणाचं हे हार्मोन सापडलं तर पाळणा हलत नाही. कुठेतरी गाठ वाढत असते, आणि तीही बहुधा अशा जागी, की चारचौघांत नाव घेता येत नाही. डॉक्टरांच्या पोटात भीतीने गोळा आला. लगेच त्यांना वाटलं, हाच तो.

एका चाचणीवर कधीही विसंबू नका, असं ते विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगत. पण दुसरी पट्टी उघडायचं त्यांचं धाडस झालं नाही. तिनेही तेच सांगितलं तर काय करायचं?

मग घरात अघटित घडायला लागलं. डॉक्टरांनी ओला टॉवेल जागेवर टाकला. भाजीला नावं ठेवली नाहीत. आईचं गुडघेदुखीचं पुराण शेवटपर्यंत ऐकलं, वर मध्येमध्ये प्रश्नही विचारले. तेव्हा आईच घाबरली आणि याला काय झालंय ते मला खरं सांग, म्हणून सुनेच्या मागे लागली. संध्याकाळी तर त्यांनी बायकोला बसवून किल्ल्या कुठे असतात, गॅसचे कागद कुठे आहेत, नळ गळला तर कोणाला फोन करायचा, हे सगळं फार मऊ आवाजात समजावलं. इतक्या वर्षांचा नवरा उगाच गोड बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

"कोण?"

"जिच्याकडे निघालायस."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून डॉक्टरांचा बांध फुटला. "अगं, बाई नाही. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय."

"कसली टेस्ट?"

"गरोदरपणाची."

ती हसली नाही. डॉक्टरांनी गाठीपासून ऑपरेशनपर्यंत सगळं ओकून टाकलं. ती पलंगावर बसून ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. आपल्यासाठी इतकं वाईट वाटून घेणारं माणूस घरात आहे, या विचाराने डॉक्टरांना अजूनच भरून आलं. मग तिने एवढंच विचारलं, की पट्टी कुठे ठेवली होतीस.

"खिडकीत. शाम्पूमागे."

"माझीही तिथेच होती." ती खाली बघत म्हणाली. "पाळी येत नव्हती. वाटलं, वय झालं, थांबली असेल. तरी मनात शंका नको म्हणून तुझ्या डबीतली एक घेतली. तू चहाला गेलास तेव्हा. तेवढ्यात आईंनी दार वाजवायला सुरुवात केली. मग घाईत बाटलीमागे हात घालून एक उचलली नि निघाले. तिच्यावर एकच रेघ होती."

"म्हणजे मला काही झालेलं नाही." डॉक्टर उठून उभेच राहिले.

"तुला नाही."

हे दोन शब्द आत पोहोचायला जरा वेळ लागला. बायकोने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. त्या वयातले सगळे धोके टक्केवारीसकट त्यांच्या डोळ्यांपुढून सरकले. त्यातले काही तर त्यांनीच शोधून काढले होते. सकाळपासूनची भीती त्यांना अगदीच किरकोळ वाटायला लागली.

"मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली. "तुझाच विषय आहे ना हा. या वयात काय काय होऊ शकतं?"

या प्रश्नावर डॉक्टर देशोदेशी भाषणं देत आले होते, आणि वेळ संपल्याची चिठ्ठी आल्याशिवाय कधी थांबले नव्हते. ते तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"काही होत नाही," ते म्हणाले.

"पुरावा?"

पुरावा नव्हता. डॉक्टरांचा हात मात्र असा थरथरत होता, की शेवटी तिलाच तो दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला.