झेंडा दिसला की चहा

मला नकाशा लागत नाही! ही बढाई नव्हे, वस्तुस्थिती आहे. कॉलेजात असताना सह्याद्रीतले निम्मे किल्ले मी नकाशाशिवाय चढलो. त्याचं शास्त्र अगदी सोपं आहे. नदी धरून चालायचं. कळस दिसला की गाव आलं. गावात कुणीतरी मामा असतोच, तो आधी चहा पाजतो आणि मग वाट दाखवतो. आणि डोंगरावर झेंडा दिसला तर मग बोलायलाच नको! झेंडा म्हणजे देऊळ, देऊळ म्हणजे माणसं.

हे शास्त्र इंग्लंडात वापरायची वेळ अजयमुळे आली.

अजय माझ्याच ऑफिसातला, नागपूरचा. गोष्ट २००५ची. कंपनीनं त्याला मेडनहेडला पाठवून सहा महिने झाले होते. एका गुरुवारी डबा खाता खाता तो म्हणाला, "उदय, सोमवारी राजीनामा देतो. चाललो मी परत."

"अरे, का?"

"सहा महिन्यांत इथल्या एका माणसानं चहा विचारला नाही बे! शेजारी रोज मला हवामान सांगतो अन् दार लावून घेतो."

"मी विचारतो की!"

"तुला धरत नाही. तू पुण्याचा असून विचारतो हेच खूप झालं."

टोमणा मी गिळला. आमचा बॉयलर बंद पडला तेव्हा स्वतःचा हीटर उचलून आणणारा हा माणूस. वीणा, म्हणजे माझी बायको, तापानं पडली तेव्हा आठवडाभर वरणभात पोचवणारा हा माणूस. हा गेला तर आमचं इथं होतं कोण?

"शनिवारी माझ्याबरोबर चल," मी म्हणालो. "अस्सल इंग्लिश खेडं दाखवतो. तिथली माणसं हाताला धरून घरात नेतात आणि चहा पाजतात. नाही पाजला तर मी स्वतः तुला विमानात बसवून देतो!"

खेडं माझ्या डोक्यात तयार होतं. सप्टेंबरात ऑफिसच्या सहलीला मी एक नदी पाहिली होती. नदी कसली, वाळवंट! पाण्याचा टिपूस नाही, नुसते पांढरे गोटे. पात्राच्या टोकाला झाडांतून चर्चचा मनोरा दिसत होता. गाव मी पाहिलं नव्हतं, पण मनोरा पाहिला होता. कोरड्या पात्रातून नाकासमोर चालायचं की गाव!

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी आम्ही चौघं कारनं नदीवर पोचलो. चौथा शशी, वीणाचा मावसभाऊ, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर. रात्रीची ड्यूटी करून तसाच आला होता आणि उभ्याउभ्या झोपत होता. गवतावर हिम साखरेसारखं पडलं होतं. कान जागेवर आहेत की नाहीत हे हात लावून बघावं लागत होतं.

"हेच का ते वाळवंट?" वीणानं विचारलं.

समोर नदी दुथडी भरून वाहत होती!

काठावर कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी खुलासा केला. ही नदी फक्त हिवाळ्यातच वाहते म्हणे. उन्हाळ्यात आटते. नदीनंसुद्धा सीझन तिकीट काढावं, हे मला नवीन होतं.

"परत जाऊ या," वीणा म्हणाली.

"छे! काठानं जाऊ. शास्त्र तेच."

काठाची पायवाट पाण्याखाली गेली होती. म्हणून आम्ही तारेखालून सरपटत शेतात शिरलो. मग एक ओढा आडवा आला. त्यात अजयचा पाय घसरला आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. त्याला वाचवायला मी थर्मास खाली ठेवला. अजय वर आला, थर्मास वाहून गेला.

"चहा गेला," अजय कुडकुडत म्हणाला. मला त्यात 'मीही चाललो' असं ऐकू आलं.

"गावात मिळेल रे! तो बघ मनोरा!" आणि तेवढ्यात टेकडीवर मला काय दिसलं? झेंडा! उंच काठीवर फडफडणारा लाल झेंडा! "बघा, बघा! जत्राच दिसतेय!"

लांबून धुडुम असा आवाज आला.

"हे काय?" शशी जागा झाला.

"कावळे हाकलायला शेतकरी बार काढतात. इंग्लंडात सगळीकडे असतं," मी म्हणालो. वाटेत पाट्या होत्या, पण आम्ही शेतातून आल्यामुळे आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं.

गाव आलं. दगडी घरं, एक गल्ली, टोकाला चर्च. कुठे चिटपाखरू नाही.

"शनिवार आहे, उशिरा उठतात," मी म्हणालो आणि पहिल्या दारावर टकटक केली. "हॅलो? गुड मॉर्निंग!"

"उदय," वीणा शांतपणे म्हणाली, "घराला छप्पर नाहीये."

"लॉफ्ट कन्व्हर्जन चालू असेल. माळ्याची खोली करतात इथं."

"खिडक्यापण नाहीयेत."

"डबल ग्लेझिंग, दुहेरी काचा बसवून घेत असतील!"

"सगळ्या गावानं एकदम?"

दुसऱ्या दारावर मी टकटक केली तर दारच आत पडलं. आत खोली नव्हती, बाभळीसारखं काटेरी झुडूप होतं. पुन्हा धुडुम झालं, या वेळी जवळ. शशीनं डॉक्टरी आवाजात निदान केलं, "दाजी, हे कावळ्यांसाठी नाहीये."

अजयचे ओठ जांभळे पडले होते. तो एका उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "चहा विचारणारं गाव दाखवतो म्हणाला होतास ना? इथं विचारायला भूतपण नाही बे."

आणि तेवढ्यात एक लँड रोव्हर चिखल उडवत आली. त्यातून पांढऱ्या मिशांचे, तांबड्यालाल चेहऱ्याचे गृहस्थ उतरले. हा सगळा भाग सैन्याच्या गोळीबाराच्या सरावाचा, लाल झेंडा म्हणजे गोळीबार चालू, आणि हे इथले वॉर्डन!

"तुम्हाला झेंडा दिसला नाही?" ते ओरडले.

"दिसला ना!" मी कळवळून म्हणालो. "म्हणून तर आलो!"

मग रेडिओवर बोलून त्यांनी गोळीबार थांबवला. ब्रिटिश सैन्य माझ्यासाठी थांबलं, असं मी पुढे एकदा सांगून पाहिलं, पण वीणानं वाक्य पुरं करू दिलं नाही.

"कुणाची कल्पना ही?" वॉर्डननी विचारलं. तीन बोटं माझ्याकडे वळली.

मग त्यांची नजर अजयच्या पायांकडे गेली. त्यांनी त्याला गाडीत बसवलं, डॅशबोर्डखालून स्वतःचे जाड लोकरी मोजे काढून दिले आणि फ्लास्क उघडला.

"साखर किती, बेटा?"

अजयनं दोन बोटं दाखवली.

गाडीत वॉर्डननी गावाची हकीकत सांगितली. महायुद्धात सरावासाठी हे गाव रिकामं केलं. लोकांना वाटलं होतं, लढाई संपली की परत येऊ. ते कधीच परतले नाहीत.

"अन् मला घरी जायला नुसतं तिकीट काढायचं आहे," अजय हळूच मराठीत म्हणाला. बाकी रस्ताभर तो कप हातात धरून बसला होता. त्या वॉर्डनना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो. दंड न करता त्यांनी आम्हाला आमच्या कारपर्यंत सोडलं आणि परत न येण्याची विनंती केली. म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

सोमवारी मी भीतभीत अजयच्या टेबलाशी गेलो. "दिलास राजीनामा?"

"नाही."

"बघ! म्हटलं नव्हतं, चहा पाजतील?"

"चहासाठी नाही बे," अजय म्हणाला. "तू धडधडीत लाल झेंड्याकडे चालत गेलास. रात्री वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, भाऊजी, याला माझ्या एकटीच्या भरवशावर सोडून जाऊ नका."

मला राग यायला हवा होता. आला नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो माझ्यासाठी भेट घेऊनच. नकाशा! मी लगेच उघडून दिवाणखानाभर पसरला. आता एकच सांगायचं राहिलं. त्या नकाशाची घडी मला आजतागायत घालता आलेली नाही. त्यासाठी दर वेळी अजयलाच बोलवावं लागतं.

तो येतो. आधी चहा घेतो. साखर दोन चमचे.