किल्लीवाले काका आणि मंडळाचं दार

दार ही वस्तू जन्माला येते ती उघडण्यासाठी, बंद राहणं हा तिचा आजार, असं किल्लीवाले काका छातीठोकपणे सांगत. गिऱ्हाइकाला सांगत, लेकीला सांगत, आणि दुकानात कुणीच नसेल तर भिंतीवर टांगलेल्या कुलपांना सांगत. बायको होती तेव्हा तिलाही सांगत. ती म्हणे, "आधी आपलं कपाट उघडा. महिना झाला, माझी चांगली शाल आत अडकलीय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ती सरकारी दवाखान्यात गेली आणि तिथूनच गेली. त्या दुपारी भेटीची वेळ संपलेली, वॉर्डाचं दार बंद, आणि काका दाराबाहेर. पुढे त्यांनी दवाखान्यावर देखरेख ठेवणाऱ्या तक्रार मंडळाकडे अर्ज केला. मागणी एकच. माणूस शेवटच्या घटकेला आला असेल तर घरच्या एकाला त्याच्या जवळ बसू द्यावं, भेटीची वेळ असो वा नसो.

"मंडळ बसतच नाही हो," कारकून म्हणाला. "कायद्याने त्यात एक नागरिक सदस्य लागतो. ती जागा रिकामी आहे. तो नसला की कोरम होत नाही."

"मग मला घ्या."

कारकुनाने मान वर केली. ही जागा आपण होऊन मागणारा माणूस त्याने नोकरीत पहिल्यांदाच पाहिला होता.

काका सदस्य झाले. लेकीने शर्टाला इस्त्री करून दिली आणि बजावलं, "बाबा, तिथे कुलपांवर भाषण नको."

"अगं, आता मी आतला माणूस. आतून कडी काढायला कितीसा वेळ लागतो?"

पहिल्या बैठकीत पहिलाच विषय काकांचा निघाला. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, नियमाला पक्क्या. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "ही तक्रार कुणाची?"

"माझीच," काका खुशीत म्हणाले.

"मग आपल्याला बाहेर बसावं लागेल. स्वतःच्या तक्रारीच्या वेळी सदस्याला आत थांबता येत नाही."

नियम रास्त होता. काका उठून बाहेर गेले. ते बाहेर गेल्याबरोबर आत नागरिक सदस्य उरला नाही, नागरिक सदस्य नाही म्हणून कोरम नाही, आणि कोरम नाही म्हणून विषय पुढच्या बैठकीत. मग काकांना आत बोलावून दुसऱ्यांच्या तक्रारी निकाली काढल्या. पुढच्या बैठकीत हेच झालं. त्याच्या पुढच्याही. काकांनी राजीनाम्याचं विचारून पाहिलं, तर कारकून म्हणाला, "मग मंडळच बसणार नाही." लेकीला सदस्य करा म्हटलं, तर ती नात्यातली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली.

शेवटी अध्यक्षबाईंनाही वाईट वाटलं. एका बैठकीत त्या म्हणाल्या, "कायद्यातून काही वाट निघते का, आम्ही आपसांत बोलतो. काका, तुम्ही बाहेर बसा. आणि दार नीट लागू दे, आतलं बाहेर ऐकू जायला नको."

आता त्या खोलीचं दार लागत नसे. शिपाईमावशी नेहमी त्याला स्टूल टेकवून ठेवायच्या. पण स्टूल टेकवलेलं दार बघून काकांच्या हातांना खाज सुटली. त्यांनी खिशातल्या जुडग्यातली एक किल्ली काढली, कुलपाची जीभ थोडी वाकवली, थोडी ठोकली, आणि दार लावलं. खट्! मावशी म्हणाल्या, "वा, गुण आला हो दाराला."

थोड्या वेळाने आतून मूठ फिरली. मग जोरात फिरली. "काका, उघडा."

काकांनी ढकललं, ओढलं, खांदा लावला. दार ढिम्म हलेना. आतली स्प्रिंग निसटली होती आणि हत्यारांची पिशवी राहिली होती दुकानात. मावशी ती आणायला धावल्या.

आत गोंधळ उडाला. खिडकीला जाळी. सदस्यांतल्या एका डॉक्टरांचे रुग्ण खोळंबलेले. दुसरे डॉक्टर तर दारावर थापा मारायला लागले, "अहो, माझी आई खाली गाडीत बसलीय. एकटी आहे. तिला कुणी सांगेल की नाही?"

त्यात अध्यक्षबाईंचा आवाज आला, न्यायाधीशाचा नव्हे, घाबरलेल्या म्हातारीचा. "काका, आहात ना? जाऊ नका."

काका मटकन स्टुलावर बसले.

"आहे," ते म्हणाले. "तीही हेच म्हणाली होती. तिची खाट दारालगतच होती. अहो, आहात ना, जाऊ नका. मी म्हटलं, आहे. ती परत विचारायची, मी परत सांगायचो. पिशवी माझ्या खांद्यालाच होती. वॉर्डाचं कुलूप साधं, डोळे मिटून निघालं असतं. पण दारावर पाटी होती, मंडळाच्या हुकमावरून प्रवेश बंद. मी म्हटलं, शिकल्यासवरल्या माणसांनी विचार करूनच लिहिलं असेल. मग ती विचारायची थांबली. मला वाटलं, झोप लागली."

आत कुणी मूठ फिरवली नाही. मावशी पिशवी घेऊन परतल्या तरी कुणी हाक मारली नाही. काकांनी डोळे पुसले आणि चुटकीसरशी दार उघडलं.

डॉक्टर खाली मान घालून आईकडे पळाले. अध्यक्षबाई मात्र उंबऱ्यात थांबल्या. त्यांचा चष्मा हातात होता. "काका, आम्ही सगळं ऐकलं."

"मग?"

"आपण बाहेर होतात. कोरम नव्हता. नोंदीत घेता येणार नाही." हे सांगताना त्या काकांकडे बघू शकल्या नाहीत.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. "झाली सुनावणी?"

"झाली. आई काय म्हणाली ते सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं गं त्यांनी."

"मग काय ठरलं?"

"दार बदलायचं ठरलं. तातडीने, एकमताने."

लेकीचे डोळे भरून आले. "वॉर्डाचं?"

काका चपला काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"नाही गं. बैठकीच्या खोलीचं. आत अडकलेल्या माणसांचे फार हाल होतात म्हणे."