मुक्कामी गाडीचा हॉर्न

आमच्या शेजारचे दत्तूनाना कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसले की पाठ भिंतीला लावतात, भर उन्हाळ्यात मानेला मफलर गुंडाळतात आणि मांडीवर स्टीलचं ताट आणि पळी तयार ठेवतात. का, तर "वाघ मागनं येतो आन् मानंलाच धरतो." गेममधला वाघ खुर्चीतल्या माणसाची मान कशी धरणार, हे विचारायची सोय नाही. "तुला काय म्हाईत? तू पुण्यात शिकलेला!" झालं, विषय संपला.

वारूळवाडीत आमच्या दोघांच्या घरांना तीन बाजूंनी ऊस आहे आणि उसात वाघ. पेपरात त्याला बिबट्या म्हणतात. आम्ही वाघच म्हणतो, आणि दिवे लागल्यावर तेही नाही, नुसतं 'ते' म्हणतो. खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटते. संध्याकाळी परड्यात कोथिंबीर आणायला जायचं तरी मी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतो. पण नानांची तऱ्हाच न्यारी. डेअरीवाल्याच्या मोटारसायकलनं कचकन ब्रेक मारला तरी यांचं ताट वाजायला लागतं.

माझा धंदा असा, की मी घरी बसून जंगलातल्या एका गेमसाठी ॲड-ऑन बनवतो. मागून जनावर आलं की ते आवाज करून खेळणाऱ्याला सावध करतं. कुठकुठले लोक वापरतात, दोन शब्द बरे लिहितात, गप्प बसतात. नानांनी मुलानं घरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर ते घालून घेतलं आणि माझा पिच्छाच पुरवला.

"ही पिपाणी कुणाच्या बारशाची?" हा पहिला अभिप्राय. घंटा घातली, तर "देवळात आलोय का मी?" शिट्टी घातली, तर "डाळ शिजली वाटतं." शेवटी शिक्का ठरलेला, "फेल! पुढं चला, पुढं चला." नाना एसटीत कंडक्टर होते. अजून त्यांना सगळं जग दारात गर्दी करून उभं राहिल्यासारखं वाटतं.

मी एकदा वैतागून म्हणालो, "नाना, कान तपासून घ्या."

"माझं कान ठणठणीत हायेत!" केवढ्यांदा ओरडले!

गंमत म्हणजे आवाज वाजला की हे गेमकडे बघायचेच नाहीत. मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायचे. तिथं शांताकाकू, म्हणजे त्यांची बायको, पाठमोऱ्या भाकरी थापत असायच्या. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव चहात अडकलाय. काकूंवर तर मी मनातून रागावलोच होतो. पूर्वी अडवून अडवून बोलणारी बाई हल्ली नुसती हसून मान हलवते. मुलगा पुण्याला बंगला बांधतोय ना, त्याचा तोरा, दुसरं काय!

एक दिवस नाना मोबाईल नाचवत आले. नारायणगावच्या स्टँडवर जाऊन कुणा ओळखीच्या ड्रायव्हरला गळ घालून त्यांनी एसटीचा हॉर्न रेकॉर्ड करून आणला होता.

"डिंब्याची मुक्कामी गाडी मी लई वर्षं केली. घरावरनंच जायची. ड्रायव्हरनं हार्न दिला की ही डबा घेऊन पळत रस्त्यावर. मी दारातनं डबा घ्यायचो आन् डबल बेल! ह्यो आवाज घाल."

"नाना, जंगलात एसटी?"

"तू घाल की राव."

दिवेलागणीला मी त्यांच्याकडे तो आवाज बसवत होतो. मंडळाचा गणपतीतला मोठा स्पीकर त्यांनी खिडकीत आणून ठेवला होता, तोंड गोठ्याकडे. हौसेला मोल नाही म्हणून मी हसलो. काकू गोठ्यात धार काढत होत्या.

एकदम ताट खाली पडलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. गोठ्यामागच्या बांधावर ते बसलं होतं, काकूंच्या पाठीकडे बघत.

"अगं ए! भाईर ये!" नाना ओरडले. परत ओरडले, आवाज फाटला. मीही ओरडलो. काकूंची मान हलली नाही. गाय दाव्याला हिसडे देत होती आणि काकू उलट तिलाच दटावत होत्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं. कधीपासून, देव जाणे.

ते उठलं. मी दाराकडे जायला उठलो. नानांनी मला बाजूला लोटलं आणि बटण दाबलं.

पोंऽऽ! पोंऽऽ!

काकू ताडकन उठल्या. बादली तिथंच टाकून, पदराला हात पुसत, गोठ्यातून थेट पुढच्या अंगाला रस्त्याकडे पळत आल्या. मागं बांधावर काही नव्हतं. ऊस तेवढा हलत होता.

नानांनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि कडी घातली. काकू धापा टाकत हसायलाच लागल्या. "अवो, म्हातारचळ लागला का काय? मला वाटलं गाडी आली! डबा कुठनं आणू आता?"

नानांनी गळ्यातला मफलर काढला आणि काकूंच्या मानेला गुंडाळायला लागले. गाठ काही बसेना.

मग माझ्याकडे तोंड करून, उगाचच कुजबुजत म्हणाले, "पास हाये ह्यो आवाज. आन् हिच्या कानाचं कुणाला बोलू नगं. तिला वाटतंय, मला ठावं न्हाई."

"काय म्हणताय?" काकूंनी विचारलं.

नाना त्यांच्याकडे वळले आणि ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाले, "डबा लई ग्वाड असायचा, म्हणतोय."